बामाची डबी

नदीपलीकडच्या जंगलातल्या त्या निवासाचा एक नियम होता. सुवासाचं काही पलीकडे न्यायचं नाही; वासानं जनावरं खोल्यांपर्यंत येतात. अलीकडच्या काठावरच्या कचेरीत सगळ्यांनी साबण, पावडरी, तेलं ठेवून दिली. सून नियमाची पक्की. तिनं माईंच्या पिशवीतली बामाची डबीसुद्धा काढून दिली. डोकं दुखलं तर, एवढंच माईंनी विचारलं. सून म्हणाली, तिथल्या हवेत डोकी दुखत नाहीत. पलीकडे पोचल्यावर बिनवासाच्या साबणानं सगळ्यांच्या अंघोळी झाल्या.

डोकं नाहीच दुखलं.

अण्णांची नजर अधू झालेली, आणि माणसंही एकेक करून त्यांच्या मनातून निसटत चाललेली. पोटच्या मुलाला ते कधी भाऊ समजत, कधी बँकेतला शिपाई. माईंना ओळखायला मात्र कधी चुकले नाहीत. माई वरवर म्हणत, मला विसरले तर त्यांना चहा कोण देईल? आतून मात्र सुखावत.

सकाळी लाकडी ओसरीवर माईंनी चहाचा कप पुढे केला, तसा अण्णांनी हात मागे घेतला.

"बाई, तुम्ही कोण?"

म्हातारा थट्टा करतोय असं वाटून माई हसल्या. पण अण्णा खांब धरून उठले आणि झाडांकडे तोंड करून हाका मारू लागले, "अगं, कुठे आहेस? ही कोण खोलीत शिरलीय बघ."

मुलानं समजावलं, ही आईच आहे. अण्णांनी त्याला दटावलं, माझी बायको मला शिकवू नका.

तेव्हा कुठे माईंच्या ध्यानात आलं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून त्या कपाळाला बाम चोळत आल्या होत्या. अण्णा नाक चिमटीत धरून म्हणायचे, माझं लग्न तुझ्याशी लागलंय की या डबीशी? चारचौघांत त्यांना बामवाली म्हणायचे. इतकी वर्षं ते आपल्याला ओळखताहेत असं माई समजत होत्या.

माई निवासाच्या व्यवस्थापकाकडे धावल्या. भला माणूस, स्वतःच शरमिंदा झाला. पण वर डोंगरात पाऊस झाला होता, नदी फुगली होती, पाणी उतरेपर्यंत होडी सुटणार नव्हती. त्यानं वायरलेसवरून काठावरच्या कचेरीत विचारलं. उत्तर आलं, डबी समोर फळीवरच आहे, काळजी नसावी.

सून डोळे पुसत कोपऱ्यात उभी होती. माईंना तिच्यावर रागावायचं होतं; तेवढंही बळ आलं नाही.

दुपारपर्यंत अण्णांचा घसा बसला. माई ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, त्यांना भीती वाटणार नाही इतक्या लांब, खुर्ची ओढून बसल्या.

"बसा," अण्णा म्हणाले. "पण ती आली की उठा. तिला आवडायचं नाही."

"रागीट आहे का हो?"

"छे. डोकं दुखतं तिचं सारखं. आतच पडली असेल, म्हणून ओ देत नाही." ते थोडे पुढे झुकले. "तुम्ही जरा बघून येता?"

माई उठल्या. आत जाऊन रिकाम्या पलंगाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. पलंगपोसावरची सुरकुती उगाच सरळ केली आणि बाहेर आल्या.

"निजलीय."

अण्णांचा चेहरा सैल झाला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मग हळू बोला."

माईंनी मान हलवली. तिची झोप मोडू नये म्हणून दोघं गप्प बसून राहिली.