शाईनं आखलेले डोळे

इंदुबाईचा हात थरथरतो हे आधी चहाच्या बशीला कळलं, मग सुनेला, आणि सगळ्यात शेवटी कमळाकरशेटला. शेवटी कळलं तरी कळलंच. कळू नये म्हणून तिनं काय कमी केलं? हात पदराखाली धरला, पोलक्यात कोंबला, एकदा तर शेट समोर आले तेव्हा दोन्ही हात शाडूच्या बादलीत बुडवून बसली. पण डोळे आखायचे तर हात बाहेर काढावाच लागतो.

पेणजवळच्या जोह्यात कमळाकरशेटचा गणपतीचा कारखाना. तिथं साचे भरणारे वेगळे, घासणारे वेगळे, रंग मारणारे वेगळे, आणि सगळ्यांचं झालं की डोळे आखायला इंदुबाई. शेटच्या बापाच्या वेळेपासून ती हेच करत आली. आखणी सुरू झाली की कारखान्यातला रेडिओ बंद होई. कुणी खोकलं तरी बाकीचे त्याच्याकडे रागानं बघत. भुवई, वरची पापणी, खालची रेघ आणि बुबुळ झालं की समोरची माती आपल्याकडे बघायला लागे. या एका गोष्टीसाठी इंदुबाईनं उभ्या जन्मात दुसरं काही शिकायचं मनावर घेतलं नाही. स्वयंपाकसुद्धा तिचा असातसाच. सून रंभा म्हणायची, "आत्या, तुमच्या भाजीत मीठ आणि गणपतीत डोळे, एवढंच काय ते बरोबर पडतं."

गेल्या गौरीला तिच्या हातून दोन मूर्तींचे डोळे तिरळे झाले. रंभानं ते पुसून पुन्हा आखले. आखणी तिला सासूनंच शिकवली होती. शेट तेव्हा काही बोलले नाहीत. बोलले ते वैशाखात, सुतळीचा गुंता सोडवत, तिच्याकडे न बघता.

"काकी, यंदाची पहिली मूर्ती तू आख. कासू गावच्या बाबाजीचा मूर्तीसाठी पाट आलाय, त्याची. ती नीट झाली तर सगळी तुझीच. नाय तर..."

"नाय तर काय?"

"रंभा हाय की."

"आणि मी?"

"तुला काय काढतोय काय मी? घासायला बस. पॉलिश पेपर धर. घासायला हात हलताच लागतो गो काकी."

शेट हसले. ते मनानं वाईट नव्हते. इंदुबाईही हसली. घरी येऊन मात्र तिनं भाजीत मीठ घातलंच नाही.

मग ती गाडीत बसून रोह्याला लेकीकडे गेली. शांतीचा नवरा धाटावच्या कंपनीत. त्याची रातपाळी होती म्हणून घरात सगळे कुजबुजत बोलत. डॉक्टरनं इंदुबाईला हात पुढं धरायला सांगितलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, आणि वयाचं आहे म्हणून गोळ्या दिल्या.

"बरं व्हईल ना?" शांतीनं विचारलं.

"वाढणार नाही असं बघू," डॉक्टर म्हणाला.

बाहेर आल्यावर शांती म्हणाली, "बघ आये, वाढणार नाय म्हणाला."

"व्हय. म्हणजे हाय तेवढा ऱ्हाणार."

बाजारात शांतीला पोरांसाठी वह्या घ्यायच्या होत्या. दुकानातला म्हातारा इंदुबाईपेक्षाही थरथरत होता. वह्या काढताना त्यानं दोन खाली पाडल्या. पण बिल करायला बसला, खिशातलं हिरवं पेन उघडलं, मनगट कागदावर टेकवलं आणि सरळ रेघ ओढली. दोरी ताणल्यासारखी. इंदुबाई बघतच राहिली.

"भाऊ, तुमचा हात हलतो ना?"

"हलतो की. उडी मारायचाच बाकी आहे."

"मग रेघ कशी हलत नाय?"

म्हाताऱ्याला हे कधी कुणी विचारलं नसावं. त्यानं पेन उलटसुलट केलं. "निब टेकते ना बाई. बॉलपेन सटकतं. ब्रश तर विचारूच नका, श्वास सोडला तरी लचकतो. हिला जरा टेकायला मिळालं की ही सुतासारखी चालते."

"अशी मिळते?"

"ढीग पडलाय. हल्ली कोण घेतं? वडापावाच्या भावात घेऊन जा. हे बूड फिरवलं की पोट उघडतं, ड्रॉपरनं शाई भरायची. संपली की परत भरायची. टाकून द्यायला नको. माणसापेक्षा बरं."

शांती कुजबुजली, "आये, तुला सहीपुरतं लिवता येतं, पेन काय करतेस?"

"सही करीन," इंदुबाई म्हणाली आणि काळ्या शाईची दौतही घेतली.

घरी आल्यावर पहिलं काम तिनं केलं ते तिच्यासारख्या बाईनंच करावं. डोळ्याचा काळा तो कारखान्यातला काळा. दुसरा काळा तिनं आयुष्यात वापरला नव्हता. तिनं पेनाच्या पोटात आखणीचा रंगच भरला. पेनानं एक ठिपका टाकला आणि तोंड मिटलं. मग रंभा मोरीत बसून गरम पाण्यानं निब धूत राहिली.

"आत्या, हे प्यायचं तेच पितं हो. त्याला शाईच द्या."

"तुला कसं ठाव?"

"शाळेत होतं माझ्याकडं. सातवीपर्यंत."

शाई भरल्यावर इंदुबाईनं जुनं वर्तमानपत्र पसरलं, मनगट टेकवलं आणि एक डोळा काढला. भुवई, पापणी, खालची रेघ. मग दुसरा. रेघ हलली नाही. तिनं पानभर डोळे काढले, जाहिरातींवर, निवडणुकीच्या बातम्यांवर, वधू पाहिजेवर. रंभा चूल सोडून आली आणि मागं उभी राहिली.

"आत्या, हे तर आधीसारखंच."

"आधीसारखं नाय. आधी मला कळायचंसुद्धा नाय की मी काढते."

पण ती हसत होती. पानामागून पान भरलं. रद्दीचा गठ्ठा उशाशी लावून ठेवला.

कागद आणि मूर्ती यात फरक असतो हे तिला कळत नव्हतं असं नाही. मूर्तीचा गाल गोल, त्यावर मनगट टेकायचं कुठं? त्यावर तिनं युक्ती काढली. लाकडाची एक पट्टी मूर्तीच्या खांद्यापासून सोंडेपुढं आडवी धरायची आणि त्यावर हात ठेवायचा. पट्टी रंभानं धरायची. मग तिनं कोपऱ्यातला एक फुटका शाडूचा मुखवटा घेतला, गेल्या वर्षीचा, चैत्राच्या उन्हात खडखडीत वाळलेला. त्याला सफेद्याचा हात दिला. वाळल्यावर पेनानं डोळे आखले. शाई जिथं टेकली तिथंच थांबली. मुखवट्याचा अर्धा कान नव्हता, पण तो बघत होता.

त्या दिवशी दोघी सासूसुना जेवायला बसल्या तेव्हा भाजीत मीठ बरोबर होतं.

आषाढ आला. बाबाजीची मूर्ती तयार होऊन समोर आली. बाबाजी पीओपीला हात लावत नसे; त्याला शाडूच लागे. इंदुबाई पाटासमोर बसली. रेडिओ बंद झाला. शेट खांबाला टेकून उभे राहिले. पोलक्यातून तिनं हिरवं पेन काढलं तेव्हा कुणीतरी फसकन हसलं, "काकी गणपतीला परीक्षेला बसवते!" शेटनी त्याला हातानं गप्प केलं.

रंभानं पट्टी धरली. इंदुबाईनं हात टेकवला. डाव्या डोळ्याची भुवई निघाली, वरची पापणी निघाली. शेट खांब सोडून पुढं आले. "आयला, काकी," ते हळूच म्हणाले. तिनं उजवा डोळा आखला. बुबुळं भरली. पेनाचं टोपण लावून ती मागं सरकली आणि तिनं वर पाहिलं.

गणपती तिच्याकडे बघत होता. अगदी तिच्याकडेच.

मग पापणीच्या रेघेला बारीक केस फुटले.

एक, दोन, मग सगळीकडून. शाई सफेद्यात शिरली, खालच्या शाडूत शिरली. शाडू आतून ओला होता. आषाढात शाडू आतून ओलाच असतो. हे जोह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आणि इंदुबाईला तर बोटाच्या पेरानं कळायचं. पण आशा लागली की माणसाला आपल्या बोटांचंही ऐकू येत नाही. तिनं पारख केली होती चैत्रात वाळलेल्या मुखवट्यावर. भुवया पसरल्या, बुबुळं फुगली, डोळ्यांखाली काळं आलं. बाबाजीचा गणपती सात जागरणं करून आल्यासारखा दिसायला लागला.

कारखान्यात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"पांढरा मारला की झाकंल," रंभा घाईनं म्हणाली. "शेट, पांढरा मारला की..."

"झाकंल गो," शेट म्हणाले. ते इंदुबाईपुढं उकिडवे बसले. "काकी, पेनाचा दोष हाय, तुझा नाय."

"नाय रे बाबा," इंदुबाई म्हणाली. "पेन चांगलं हाय."

दोन दिवसांनी वर मारलेला पांढरा वाळल्यावर रंभानं ब्रशनं डोळे आखले. तेव्हा इंदुबाई पडवीत बसून पॉलिश पेपरनं गणपतीपुढच्या शाडूच्या उंदरांच्या पाठी घासत होती. शेट म्हणाले ते खरंच होतं, घासायला हात हलता असला की बरं. तिचं काम इतरांपेक्षा भराभर होई. अंगठ्याच्या नखात शाई बसली होती. ती पॉलिश पेपरनंही गेली नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कासूहून बाबाजी आला. ढोपरापर्यंत चिखल, डोक्यावर टोपी, रिक्षा दारात उभी. दर वर्षी तो आधी मूर्तीपुढं उभा राहून बघायचा आणि मग इंदुबाईला शोधायचा. यंदाही तसंच केलं. बराच वेळ बघितलं. रंभा दाराच्या चौकटीला नख लावत उभी होती. इंदुबाईचा हात उंदराच्या पाठीवर थांबला. म्हणजे पुढं जायचा थांबला. हलायचा कसला थांबतोय.

तिला एवढंच हवं होतं की बाबाजीनं नाक मुरडावं. काहीतरी चुकलंय म्हणावं. यंदा ती गंमत नाय म्हणावं.

"इंदुबाई!" बाबाजी हसत पडवीत आला. "बघ, आंधळ्यालाबी कळंल. नजर तुझीच!"

रंभानं तोंड उघडलं. इंदुबाई तिच्याआधी बोलली.

"रंभानं आखलंय ते."

बाबाजीनं मागं वळून पुन्हा बघितलं. मग मान हलवली. "असंल. तेच की गो. घरचंच की."

"व्हय," इंदुबाई म्हणाली. "घरचंच."

तिच्या हातचं तिच्याशिवायही चालतं, हे रंभाला शिकवलं तेव्हाच ठरलं होतं. तेव्हा त्याचा आनंद झाला होता, हेही तिला आठवलं.

मूर्ती रिक्षात चढवताना बाबाजीनं कपाळावर हात मारला. "रुमाल इसरलो. तोंड झाकायचं कशानं?" घरी पोचेपर्यंत देवाचं तोंड झाकायचं, ही रीत. रंभा कापड आणायला आत पळाली, पण रिक्षावाला घाई करत होता. बाबाजीनं पडवीतल्या रद्दीवरचं वर्तमानपत्र उचललं. इंदुबाईनंच तो गठ्ठा घरून आणला होता, घासलेले उंदीर गुंडाळायला. त्यानं पान गणपतीच्या तोंडावर धरलं आणि सुतळीनं बांधलं.

पानभर डोळे होते, पेनानं काढलेले, एकही न हललेला. बाबाजीनं ते पाहिले नाहीत. घाईत कोण बघतं? वधू पाहिजेवरचे दोन नेमके सोंडेवर आले आणि इंदुबाईकडे बघत राहिले.

रिक्षा निघाली. बाहेर पावसाची भुरभूर होतीच. पेणच्या रस्त्याला वळेपर्यंत कागदावरच्या डोळ्यांना खालून केस फुटलेले तिला दिसले, की तसं वाटलं. तिनं पुढचा उंदीर घेतला.