चित्राच्या पुढे पळणारा ढोल

धाकट्याच्या पायाला भिंगरी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती हातांनाही आहे, हे ताईला गेल्या खेळात कळलं. पडद्यावरच्या बदमाशाने पिस्तूल खिशातून काढलंही नव्हतं, तोवर याने ढोलावर गोळी झाडून मोकळं व्हावं! मेलेला मनुष्य नंतर निवांतपणे उभा राहून घाबरला. लोक हसून हसून खुर्चीखाली गेले.

“आज पुढे पळालास, तर उद्यापासून ढोल दुसऱ्याकडे,” पियानोचं झाकण उघडत ताई म्हणाली. जुन्या मूकपटांना पडद्यापाशी बसून नवं संगीत द्यायचं, ही हौस तिची. म्हणून हुकूमही तिचाच. “माझ्याकडे नको, चित्राकडे बघ. पाऊल पडलं की ठोका.”

“आणि नाही पडलं तर?”

“तर गप्प बसायचं. जमेल या जन्मी?”

दिवे मालवले. पडद्यावर म्हातारा बाप बंदराकडे निघाला. लेकीचं जहाज सुटायच्या आत त्याला तिला गाठायचं होतं. पाऊल, ठोका. पाऊल, ठोका. धाकट्याचा एखादा ठोका केसभर पुढे सरकलाही असेल. पण मग म्हाताराच भरभर चालू लागला! याने ठोके वाढवले. म्हातारा धावला. याने आणखी वाढवले. म्हाताऱ्याची सावली धापा टाकत मागे राहिली, समुद्रपक्ष्यांना पंख मिटायला सवड मिळेना, आणि पहिल्या रांगेतल्या बाईंची टोपी वाऱ्याने उडाली, असं त्या अजून शपथेवर सांगतात.

ताईने डोळे वटारले.

“मी नाही गं, म्हातारा पळतोय!” तो कुजबुजला.

त्याने मान वळवली. मागच्या झरोक्यात यंत्र चालवणारे मशीनमामा बसले होते. हात वेगाच्या बटणावर, नजर थेट त्याच्या काठ्यांवर. मामांनी हसून अंगठा दाखवला: पळ बिनधास्त, मी आहे मागे!

धाकट्याला घाम फुटला. हा चित्रामागे, आणि चित्र याच्यामागे! आता जन्मात न केलेली गोष्ट करायची होती. पाऊल पडलं, त्याने दात आवळले, हात रोखले, मग ठोका दिला. पुढचा त्याहून उशिरा. हातांना मुंग्या आल्या. मामांनी बटण फिरवलं. म्हातारा मंदावला, इतका की धक्क्यावर पोचल्यावर त्याचा हात वर जायला एक युग लागलं. थिएटरात नाक ओढल्याचे आवाज येऊ लागले.

खेळ संपल्यावर त्याने ताईला गाठलं. “मामांना तू सांगितलं होतंस ना?”

“तू पळणारच, म्हटलं,” ताई नजर चुकवत म्हणाली. “चित्रही पळालं, तर कुणाला कळतंय?”

“मग ढोल काढून घेण्याची धमकी?”

“ती तुला होती. मामांना नव्हती.”

रस्त्यात त्याची बोटं पुन्हा दिव्याच्या खांबांवर वाजू लागली. दिवेही फडफडायला लागले म्हणतात. ताईने स्वरलिपीच्या वह्यांची जड पिशवी त्याच्या दोन्ही हातांत कोंबली.

“धर. आणि उद्या येताना तूच घेऊन ये.”