फोटोवाल्याची आई

जुन्या वस्तीत त्यांना सगळे स्टुडिओवाल्या वहिनी म्हणायचे. कुणाची वहिनी, कसली वहिनी, कधी कुणी विचारलं नाही. फोटोवाल्यांची बायको, काउंटरवर बसते, म्हणून वहिनी. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी. मग ती इमारत पाडायला निघाली आणि स्टुडिओचं सामान शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. तिथे त्यांना काळं कुत्रंही ओळखत नव्हतं.

केसांचं प्रकरण त्याच्या आधीचं. फोटोवाल्यांचा कायदाच होता की स्टुडिओतलं माणूस टापटीप दिसलं पाहिजे. गिऱ्हाईक आधी काउंटर बघतं, मग कॅमेरा. त्यामुळे पहिला पांढरा केस दिसला त्या आठवड्यात वहिनींच्या डोक्याला काळा रंग लागला तो पुढे कित्येक वर्षं लागतच राहिला. केस खांद्याखाली वाढवायचे नाहीत, रंग फार लागतो, हेही फोटोवाल्यांनीच ठरवलेलं. मग एकदा टाळूवर पुरळ उठलं. खाजवून खाजवून रक्त निघालं. डॉक्टरीणबाईंनी सहा महिने रंग बंद करायला सांगितलं. पुरळ पंधरवड्यात गेलं, सहा महिनेही गेले, पण वहिनींनी रंगाची बाटली काही उघडली नाही. आरशात बघायच्या आणि त्यांना हलकं वाटायचं. केस वाढू दिले. ते कमरेपर्यंत आले, दाट आणि लख्ख पांढरे. रस्त्यात अनोळखी बायका थांबवून विचारायच्या, "काय लावता हो?" वहिनी म्हणायच्या, "लावायचं सोडलं." जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडे वळून बघत होतं, आणि त्यांना ते आवडत होतं. का आवडू नये?

फोटोवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. स्वतः ते एक रविवार आड डोकं रंगवायचे. मागची बाजू हाताला येत नाही, म्हणून ती वहिनी रंगवून द्यायच्या, कानामागचीसुद्धा. अंगाने काटकुळे, पोटाचा पत्ता नाही, जीन्सची पँट घालायची हौस, आणि चेहरा असा की वय त्याला चिकटायचंच नाही. वहिनींचे वरचे दात काढलेले, गाल आत गेलेले. गळ्यात, हातात काही घालायची, अगदी मंगळसूत्राचीही, त्यांना कधीच आवड नव्हती. खरं म्हणजे दोघांत तेच वर्षभराने मोठे. पण लोक काय जन्मतारीख बघतात? लोक डोकं बघतात.

नव्या दुकानात पहिली आली ती समोरच्या लाँड्रीची मालकीण. चाळिशी ओलांडलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली, बोलकी आणि मनाने खरंच चांगली बाई. पासपोर्टचा फोटो हवा होता. काउंटरवर वहिनींना बघून ती फोटोवाल्यांना म्हणाली, "या वयात आईंना कशाला राबवता? आराम करू द्या की त्यांना."

वहिनींना हसू आलं. आता हे सांगतील, ती बाई जीभ चावेल, सगळे हसतील आणि चहा होईल, असं त्यांनी मनात मांडूनसुद्धा टाकलं. फोटोवाले कॅमेऱ्याची काच पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "ऐकत नाही ती. हनुवटी जरा वर घ्या."

जेवताना वहिनींनी विचारलं, "तिला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? तुला बघून ती म्हणाली. माझं काय चुकलं?" ते जेवता जेवता शांतपणे म्हणाले. "नवीन जागा आहे. लोकांना वाटेल, हा एवढा म्हातारा असेल तर याला कॅमेरा तरी नीट दिसतो का. तू केस काप, काळे कर. ज्या दिवशी करशील त्या दिवशी समोर जाऊन सांगतो, ही माझी बायको."

"आणि नाही केले तर?"

"तर जे लोक म्हणतील ते."

म्हणजे सौदा असा होता. केस ठेव नाहीतर नवरा ठेव. रंगाची बाटली न्हाणीघरातल्या फळीवर त्यांचीच वाट बघत होती, पंधरा मिनिटांचं काम. पण ज्या माणसाला चाळीस वर्षं रांधून वाढलं त्याच्याकडून बायको म्हणवून घ्यायला डोकं काळं करून दाखवायचं? त्यांनी ताट बाजूला सारलं. नाही म्हणजे नाही.

आणि मग वहिनींच्या अंगात आलं. दुसऱ्या दिवशी एक बाई दोन मुलांना घेऊन आल्या आणि त्यांनीही तेच विचारलं, "मुलगा का हो तुमचा?" वहिनी गोड हसल्या. "हो ना. एकुलता एक."

पडद्याआड फोटोवाल्यांच्या हातातला स्टँड खाली आदळला.

वहिनींना मूल नव्हतं. ते दुःख कधीच थिजून गेलं होतं, पण 'एकुलता एक' म्हणताना त्यांच्या जिभेला असा काही गोडवा आला की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. लाज घटकाभर टिकली. मजा जास्त टिकली. चाळीस वर्षं अहोजाहो केलेल्या माणसाला त्या आता दुकानभर ऐकू जाईल असं "अरे बाळा" म्हणायला लागल्या. अरे बाळा, शर्टाची गुंडी लाव. अरे बाळा, औषध घेतलंस का, कालपासून पोट साफ नाही तुझं. फोटोवाल्यांचा नुसता तिळपापड व्हायचा, आणि चेहरा हसरा ठेवावा लागायचा.

लाँड्रीवाली कपडे द्यायला येऊन बसली की वहिनींना ऊत यायचा. "लहानपणी फार त्रास दिला याने. मोठा झाला तरी अंथरूण ओलं करायचा. अंधाराला तर इतका घाबरायचा की विचारू नकोस."

"आणि काम अंधाऱ्या खोलीतलं धरलं?" लाँड्रीवाली खो खो हसायची.

"बुद्धी बेतास बात, दुसरं काय धरणार?" वहिनी म्हणायच्या. "म्हणून तर लग्न जमलं नाही. मुली बघायला जायचो आणि याची दातखीळ बसायची."

फोटोवाले तोंडात गुळणी धरून उभे असायचे. एका वाक्यात त्यांची सुटका होती. ही माझी बायको आहे आणि ही थापा मारते, एवढंच म्हणायचं होतं. वहिनी प्रत्येक थापेनंतर थांबायच्या, त्यांच्या तोंडाकडे बघायच्या. आता बोलतील. इतकं लागलं म्हटल्यावर आता तरी बोलतील. ही सगळी टोचाटोची त्यासाठीच तर होती. पण अंथरूण ओलं करणारा मुलगा म्हणवून घेणं त्या माणसाला परवडत होतं, पांढऱ्या केसांच्या बाईचा नवरा म्हणवून घेणं परवडत नव्हतं. हे वहिनींना हळूहळू कळायला लागलं, आणि मग थापांतली मजा गेली. तरी त्या मारत राहिल्या, कारण गप्प बसणं म्हणजे हरणं. रविवारी फोटोवाल्यांच्या मानेवरचे केस मात्र त्या अजूनही रंगवून देत होत्या. स्वतःच्या हाताने त्याला मुलगा करत होत्या. ब्रश फिरवताना हे त्यांच्या मनात यायचं आणि हात थांबायचा नाही. सवय, दुसरं काय.

त्या दिवशी दुपारी वहिनी पडद्यामागे गिऱ्हाइकांचा आरसा पुसत होत्या. लाँड्रीवाली इस्त्रीचे शर्ट घेऊन आली. हल्ली फोटोवाल्यांचे शर्ट ती जातीने आणून द्यायची.

"एक विचारू? रागावणार नाही ना?" ती म्हणाली. "लग्नाचा विचार आता अगदीच सोडला का तुम्ही?"

फोटोवाल्यांचा आवाज आला, मऊ. हा आवाज वहिनींनी कैक वर्षांत ऐकला नव्हता. लग्नानंतर पहिल्या एक-दोन वर्षांत ऐकला होता, नंतर नाही.

"आई आहे तोवर कुठलं लग्न? तिच्यामागे बघू. तुम्ही थांबणार असाल तर."

लाँड्रीवाली हसली. लाजून हसली.

वहिनींच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्यांनी पडदा सारला आणि बाहेर आल्या. आवाज घट्ट होता. "मी याची आई नाही. मी बायको आहे याची. लग्नाची बायको."

लाँड्रीवाली त्यांच्याकडे बघत राहिली. मग फोटोवाल्यांकडे.

"अहो, सांगा ना हिला," वहिनी म्हणाल्या. "खूप झालं. सांगा."

त्या 'अहो'नेच घात केला. लाँड्रीवालीचा चेहरा एकदम कळवळला. मुलाला कुणी अहो म्हणतं का? ती उठली आणि तिने वहिनींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "माझ्या आजीचंही शेवटी शेवटी असंच झालं होतं," ती फोटोवाल्यांना हळूच म्हणाली. "माझ्या वडिलांनाच नवरा समजायची."

"मला काही झालेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "ते अंथरुणाचं, अंधाराचं, सगळं मी बनवून सांगत होते तुला. मला मूलच नाही, बाई."

"हो, हो आई. नाही ना. बसा तुम्ही."

वहिनींनी हात सोडवून घेतला. तरातरा आत गेल्या, कपाटाच्या वरच्या फळीवरून लग्नाचा फोटो काढला आणि काउंटरवर आणून ठेवला. कृष्णधवल फोटो, कडा पिवळ्या पडलेल्या. काळ्याभोर केसांची हसरी मुलगी आणि तिच्या शेजारी एक काटकुळा, मिशीवाला तरुण. "बघ. नीट बघ. हा कोण आहे?"

लाँड्रीवालीने फोटो उजेडाकडे धरला. फोटोवाल्यांकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे.

"अगं बाई," ती म्हणाली. "हुबेहूब वडिलांवर गेलात की तुम्ही."

फोटोवाल्यांनी फोटो हातात घेतला. तो माणूस आता एकदाच वर बघेल, वहिनींना वाटलं, आणि याच्या पुढे त्याच्याने जाववणार नाही. अंथरूण झालं, अंधार झाला, बुद्धी झाली, सगळं झालं, पण स्वतःचं तोंड हातात धरून कुणी खोटं बोलत नाही.

"हो," फोटोवाले म्हणाले. "सगळे म्हणतात."

"कधी गेले?"

"खूप वर्षं झाली." त्यांनी फोटो काउंटरवर पालथा ठेवला. "तेव्हापासून हिचं हे असं सुरू झालं. बोलत नव्हतो मी कुणाजवळ."

"किती सोसता हो एकट्याने," लाँड्रीवाली म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

वहिनींनी तोंड उघडलं. जे काही बोलतील ते आता वेडच ठरणार, हे त्यांना कळत होतं, आणि आपण त्याची आई असल्याचं येईल त्याला ऐकवून ठेवायचं कामही त्यांनीच केलं होतं. लाँड्रीवालीने त्यांना हळूच खुर्चीवर बसवलं आणि पाठीवरून हात फिरवला. पांढरे केस तिच्या बोटांतून घसरत खाली गेले.

"केस काय सुंदर आहेत हो आईंचे," ती म्हणाली. "पण अशा माणसाचे एवढे लांब केस सांभाळायचे म्हणजे तुम्हाला केवढा त्रास. धुणं, विंचरणं, सगळं तुम्हीच करणार. आजीचे मी अगदी बारीक कापून टाकले होते. म्हणाल तर यांचेही येऊन कापून देते, घरच्या घरी."

वहिनींनी दोन्ही हातांनी केस पुढे ओढून छातीशी धरले आणि नवऱ्याकडे बघितलं.

"बरं होईल," फोटोवाले म्हणाले. "रविवारी या. दुकान बंद असतं."