विहिणीची गाडी

मुलानं सासूला ‘मम्मी’ म्हणावं, याला बाईजाची तशी हरकत नव्हती. पण ते म्हणताना अक्षयचा आवाज जो मऊ होई, त्यानं तिच्या अंगाचा तिळपापड होई. तिला तो ‘आये’ म्हणायचा, आणि तेही बहुतेक ‘आये, चावी कुठंय?’ एवढ्यापुरतं. दिवाळी मुरबाडला, नातीचा वाढदिवस मुरबाडला. विहिणीनं, म्हणजे मुरबाडच्या चंद्रकलाबाईंनी, आपल्या पोराला पार खिशात घातलंय, असं बाईजाचं ठाम मत होतं आणि शहापुरात तिच्या आळीत ते प्रत्येकाला ऐकून पाठ झालं होतं.

अशात अक्षयनं गाडी घ्यायचं काढलं. तो पडघ्याच्या एका गोदामात सुपरवायझर होता आणि रोज हायवेनं मोटारसायकल हाणून त्याची कंबर कामातून गेली होती. विजेवरची घ्यायची, एवढं नक्की होतं. कोणती, यावर मात्र घरात रोज खल चाले. शहापूरच्या शोरूममध्ये एक लहानशी, पांढरी, कोरी करकरीत गाडी त्यानं बघून ठेवली होती. दुसरी होती सासऱ्यांची, जयरामशेठची. काळी, लांबलचक, परदेशी कंपनीची. वापरलेली होती, पण छत काचेचं, आणि बटण दाबलं की सीट गरम. मुरबाडात गरम सीट कुणाला हवी होती, देव जाणे. जयरामशेठचे गुडघे आता एवढं खाली बसायला तक्रार करत होते, म्हणून नव्या लहान गाडीच्याच भावात त्यांनी ती जावयाला देऊ केली.

अक्षय त्या गाडीच्या प्रेमात पडला होता. जेवतानाही मोबाइलवर तिचे फोटो बघत बसे.

“आये, तसली गाडी आपल्याला नवी घेता यायची नाय कधी,” तो म्हणाला.

“आणि लहान काय वाईट हाय? कुणाचा हात लागलेला नाय तिला.”

“दोन्हीला चारच चाकं ना?” एवढं विचारून तिचा नवरा नथू म्हशीकडे निघून गेला.

बाईजाला चाकांचं काही पडलं नव्हतं. त्या काळ्या गाडीला ओवाळलं होतं चंद्रकलेनं. नारळ फोडला चंद्रकलेनं, समोर फोटो चिकटवला तोही चंद्रकलेच्या माहेरच्या देवीचा. पोराच्या पहिल्या गाडीला आपण ओवाळायचं आणि पहिल्या फेरीला त्याच्या शेजारी बसायचं, हे बाईजानं तो नोकरीला लागला तेव्हापासून मनात धरलं होतं. जुन्या गाडीला काय ओवाळणार? विहिणीच्या उष्ट्या ताटात जेवायला बसण्यासारखंच ते. ती जळत होती, आणि आपण जळतोय हे तिला पुरतं कळत होतं.

रविवारी सगळे मुरबाडला गेले. चहा झाला आणि किन्हवलीपर्यंत चक्कर मारायचं ठरलं. अक्षय चालवायला बसला. चंद्रकलाबाई सवयीनं पुढं बसल्या. मागं बाईजा, सून अनिता आणि नात पिंकी. गाडी तळ्यातल्या बदकासारखी निघाली. “इथं दाबा जावईबापू, गाणी लागतात,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “हो मम्मी,” अक्षय म्हणाला. त्याच मऊ आवाजात.

किन्हवली जवळ आली तशी बाईजा ओरडली, “थांबव रे! मळमळतंय मला!”

टेम्पोच्या हौद्यात उभं राहून कसारा घाट चढलेली बाई ही. हिला म्हणे आता गाडी लागत होती.

अक्षयनं गाडी बाजूला घेतली. चंद्रकलाबाई लगबगीनं उतरल्या आणि पुढचं दार धरून उभ्या राहिल्या. “विहीणबाई, पुढं बसा तुमी. पुढं नाय लागत.”

त्या मनापासून म्हणत होत्या, आणि बाईजाला नेमकं तेच सोसेना. विहिणीनं दिलेल्या जागेवर ती मेली तरी बसली नसती. “ही गाडीच वाईट,” ती पदर तोंडाला लावून म्हणाली. “आवाज नाय, काय नाय, पोटात नुसती ओढते. मी नाय बसायची परत.” अनिता सोबत येते म्हणाली, तिलाही तिनं झिडकारलं. किन्हवलीच्या स्टँडवर एक वडापाव खाल्ला आणि एसटीनं एकटी घरी आली.

संध्याकाळी भांडण होईल म्हणून ती कंबर कसून बसली होती. अक्षय आला आणि म्हणाला, “नको मग ती गाडी. लहान घेऊ. हळूहळू सवय होईल तुला.” बस्स, एवढंच. जेवताना त्यानं मोबाइल काढलाच नाही. पुढं ती काळी गाडी बदलापूरच्या कुणीतरी नेली.

दसऱ्याला पांढरी गाडी दारात आली. बाईजानं नऊवारी नेसून तिला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मुरबाडहून आलेले व्याही-विहीण मागं उभे होते, आणि विहिणीला मागं उभी बघून बाईजाला सणाहून जास्त आनंद झाला. मग माहुली गडाच्या पायथ्याच्या देवळात जाऊन यायचं ठरलं. नथू ओवाळणं होताच म्हैस चारायला गेला होता.

“पप्पा, अनिता, पिंकी मागं,” अक्षय सासऱ्यांना मागचं दार उघडून देत म्हणाला. “मम्मी, तुमी पुढं बसा.”

“आणि मी?”

“आये, तुला लागते ना. पहिल्याच दिवशी नव्या सीटवर उलटी नको. उद्या तुला आळीतल्या आळीत फिरवतो.” तो इतक्या काळजीनं बोलला की तिला चिडताही येईना.

“मी थांबते विहीणबाईंजवळ,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “त्यांना एकटं कशाला ठेवायचं? तुमी जा.”

झालं. विहिणीनं आपली कीव करावी! बाईजाच्या तोंडून निघून गेलं, “मला गाडी लागत नाय! जन्मात लागली नाय. खोटं बोलले मी त्या दिवशी.”

जयरामशेठ आपल्या चपलांकडे बघत राहिले. चंद्रकलाबाई मागं जाऊन बसल्या आणि पिंकीला मांडीवर घेतलं.

बाईजा पुढं बसली, पोराच्या शेजारी. पट्टा तिला लावता येईना, तो अक्षयनं लावला. गाडी हायवे सोडून माहुलीच्या रस्त्याला लागली.

“गाडी छान चालते रे,” ती म्हणाली.

“हं.”

मग रस्त्यावरची नजर न काढता तो हळूच म्हणाला, “आये, नुसतं ‘नको’ म्हणाली असतीस ना, तरी मी ती घेतली नसती.”

बाईजाला रडू आलं. पण मागं चंद्रकला बसली होती, म्हणून तिनं ते गिळलं.