पोटातलं तेल

मिस्त्रींचं आयुष्य टू-स्ट्रोक इंजिनांच्या धुरात गेलं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! पेट्रोलमध्ये तेल मिसळा, दोरी ओढा, दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट. काम चोख. फोर-स्ट्रोकचं नाव काढलं की ते नाक मुरडायचे. आत ओढा, दाबा, पेटवा, बाहेर टाका. दोन फेऱ्या मारायच्या आणि स्फोट एकच. असला कामचुकार गडी आपण दारात उभा करणार नाही, म्हणायचे.

त्यांची लेक नेमकी त्याच गड्याची विद्या शिकून आलेली. ती म्हणायची, कामचुकार कसला, पेट्रोल कमी पितो, धूर कमी ओकतो, आणि तेल पेट्रोलात न कालवता पोटात वेगळं सांभाळतो. मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

पण टू-स्ट्रोकची गिऱ्हाइकं रोडावली होती. लेकीला दूरच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं आणि आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. इथल्या बागांची गवत कापायची नवी यंत्रं सगळी फोर-स्ट्रोक. त्यांच्या देखभालीचं काम मिळालं तर ती राहणार, नाहीतर चालली. बागांच्या साहेबांनी परीक्षा म्हणून एक बंद यंत्र पाठवलं होतं, ते चालतंय का बघायला साहेब अकराला येणार होते. लेकीनं कालच ते ठणठणीत केलं होतं. ती गेली तर वर्कशॉप खायला उठेल हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. पण बोलतो कोण?

साडेदहाला लेक दुकानात बोल्ट आणायला गेली. तेवढ्यात आपणही हातभार लावावा म्हणून मिस्त्रींनी पात्याला धार लावायला घेतली. चाळीस वर्षांच्या सवयीनं यंत्र धाडकन आडवं केलं, हवेचा फिल्टर खाली. धार झकास लागली. उभं करून दोरी ओढली तर ती हलेना. जोर लावला, तेव्हा इंजिन खोकलं आणि वर्कशॉपभर पांढरा धूर कोंडला.

लेक दारातच थबकली. पोटातलं तेल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरलं होतं. तिचा चेहरा पडला. हे खोलायलाच दिवस जाईल, म्हणाली.

"सरक," मिस्त्री म्हणाले. तेलानं बरबटलेले स्पार्क प्लग हा त्यांचा रोजचा घास! त्यांनी प्लग काढला, भोकावर फडकं धरून ते दोरी ओढत राहिले, आतलं तेल फडक्यावर उतरलं. लेकीनं तोवर फिल्टर पुसला, पोटात मापानं तेल भरलं. मिस्त्रींनी प्लग घासून बसवला, दोरी ओढली. इंजिन थोडं धुरकटलं आणि मग मांजरीसारखं गुरगुरायला लागलं.

साहेब केव्हाचे दारात उभे. हे कसं झालं, त्यांनी विचारलं. माझ्याच हातून, असं लेक म्हणणार तोच मिस्त्री पुढे झाले.

"मी केलं, साहेब. हिनं दोनदा बजावलं होतं, फिल्टर खाली करू नका. टू-स्ट्रोक कसंही लोळवलं तरी चालतं, तीच खोड नडली. हे इंजिन मला कळत नाही. हिला कळतं."

साहेब हसले. त्यांचे माळी पात्यात गवत अडकलं की हेच करायचे, आणि यंत्र आठवडाभर दुरुस्तीला पडून राहायचं. इथं अर्ध्या तासात चालू झालं होतं. सगळी यंत्रं सोमवारी पाठवतो म्हणाले.

साहेब गेल्यावर लेकीनं विचारलं, कारखान्याला काय कळवू?

मिस्त्री हात पुसत राहिले. "कळव, की बाबांना अजून हे इंजिन शिकायचंय."

लेकीनं खडू घेतला आणि फिल्टरच्या बाजूला मोठ्ठा बाण काढला. वर.