घोडीची कबर

ब्रीडा लूसीनं चुन्याच्या बादलीत कुंचा बुडवला, काठावर निथळू दिला आणि गुडघे टेकून पुढच्या दगडावर फिरवला. उद्या डब्लिनहून मंत्री यायचा होता, त्यामुळे तिच्या भावाचा, कॉनचा हुकूम सुटला होता की फाटक, भिंती, घोडीचे दगड, सगळं आजच्या आज पांढरंशुभ्र झालं पाहिजे. घोडीच्या दगडांना खरं तर हुकुमाची गरज नव्हती. मागच्या कुरणाच्या कोपऱ्यातल्या त्या दगडांच्या रिंगणाला दर वसंतात चुना लागायचाच. आजोबा लावायचे, मग बाबा लावायचे, आता ही दोघं लावत. खाली आजोबांची लाडकी घोडी पुरली होती. निदान मुलांना तरी तसंच सांगितलं होतं.

उद्याचा सगळा थाट आजोबांसाठीच होता. इंग्रजांशी झालेल्या लढाईत डार्बी लूसीनं चौकाजवळच्या वळणावर लष्कराच्या दोन लॉऱ्या अडवल्या, त्या गोष्टीला आता शंभर वर्षं उलटून गेली होती. चौकात त्यांच्या नावाची शिळा बसली होती, तिच्यावर हिरवं कापड होतं आणि समितीचा अध्यक्ष अर्थातच कॉन होता. सत्तरी ओलांडलेला हा माणूस महिनाभर लग्नघरात असल्यासारखा धावत होता.

त्यात माशी शिंकली ती ब्रीडामुळे. तिच्या कॅनडातल्या लेकीनं विचारलं होतं की पणजोबा तरुणपणी कुठे होते. घरात सांगत की लिव्हरपूलच्या गोदीत. ब्रीडानं सहज शोध घ्यायला सुरुवात केली आणि लंडनच्या दप्तरखान्यातून उत्तर आलं की डार्बी लूसी अठराव्या वर्षी राणीच्या लष्करात भरती झाला होता आणि बोअरांशी लढायला दक्षिण आफ्रिकेत गेला होता. ज्या गणवेशावर पुढे त्यानं गोळ्या झाडल्या, तोच गणवेश आधी त्यानं अंगावर घातला होता. कॉननं डोक्यात राख घालून घेतली. उद्यापर्यंत तोंडाला कुलूप लाव, नंतर काय हवं ते कर, असं त्यानं तिला बजावलं. पण तोवर ब्रीडानं त्या पलटणीची माहिती जमवणाऱ्या लोकांना आजोबांचं नाव घालून इंटरनेटवर विचारून ठेवलं होतं, आणि असल्या गोष्टी कुठल्या दडून राहतात.

अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला. ब्रीडा हात पुसत पुढे गेली आणि जागच्या जागी थबकली. फाटकाशी इटा कॉटर उभी होती.

कॉटरांचं घर नदीपलीकडे, हाकेच्या अंतरावर. पण लूसी आणि कॉटर चर्चमध्येसुद्धा दोन टोकांना बसत. इटाचा चुलत आजोबा टिम कॉटर हा राणीच्या लष्करातून परत आलेला शिपाई. त्याच लढाईच्या वर्षी एका संध्याकाळी डार्बीच्या माणसांनी त्याला जेवणाच्या ताटावरून उठवून नेलं. खबऱ्या आहे म्हणाले. पुरावा काय, तर म्हणे त्यानं इंग्रजांचा पगार खाल्लाय. तो परत आला नाही आणि त्याचं प्रेतही मिळालं नाही. त्याची आई मरेपर्यंत एकच मागत राहिली, गुडघे टेकायला हातभर जमीन.

इटा आता ऐंशीला टेकली होती. तिनं नमस्कार-चमत्कार केला नाही. पिशवीतून पुठ्ठ्यात जपलेला एक फोटो काढून ब्रीडासमोर धरला.

"डावीकडचा आमचा टिम," ती म्हणाली. "उजवीकडचा कोण, ते आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं. तू त्या लोकांना विचारलंस, ते माझ्या भाच्यानं वाचलं, तेव्हा कळलं. नीट बघ."

ब्रीडानं पाहिलं. उजवीकडे तिचेच आजोबा होते, विशीतले, कॉनसारखेच पुढे आलेल्या हनुवटीचे. दोघे मित्र खांद्याला खांदा लावून, हेल्मेटं हातात घेऊन, उघड्या माळावर उभे होते. त्यांच्या पायाशी तिसऱ्या कुणा सोबत्याची कबर होती. लाकडाचा साधा क्रूस, आणि भोवती पांढऱ्या दगडांचं लांबट रिंगण.

ब्रीडाच्या बोटांवरचा ओला चुना फोटोच्या कडेला लागला.

"तिथं दगडी थडगी कोण बांधणार," इटा सांगत होती. "मग दगड गोळा करायचे आणि चुना फासायचा. टिमनं आईला सांगितलं होतं, सोबत्याला असं उघडं टाकून यायचं नसतं म्हणून." ती थांबली. "ज्या पापासाठी आमच्या माणसाला मारलं, ते तुमच्याही माणसानं केलं होतं, ब्रीडा. उद्या ते कुणीतरी बोललं पाहिजे. तू बोलणार नसशील तर मी उभी राहीन, मंत्र्यासमोर."

ब्रीडानं मागे कोठाराकडे पाहिलं. तिला दिसत होतं ते कोठाराच्या मागचं रिंगण. घोडीला ते लहान होतं. इतकी वर्षं त्याच्याभोवती गुडघे घासले, पण हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं, याची तिला लाज वाटली. आणि भीतीही वाटली, कारण चौकातून कॉनची गाडी वळताना दिसत होती.

कॉन उतरला आणि इटाला पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. फोटोवर त्यानं नजर टाकली न टाकली. हा कोणीही असेल, म्हणाला. जुन्या फोटोत सगळेच सारखे दिसतात, म्हणाला. शंभर वर्षांपूर्वीची मढी उकरून आजोबांच्या नावाला काळं फासायला बरा मुहूर्त शोधलात, हेही म्हणाला. इटानं ऐकून घेतलं.

"मला शिळा फोडायची नाही, कॉन. मेलेल्याला कुठे टाकलं तेवढं हवंय. मी गेले की विचारणारंही कुणी उरणार नाही."

"ते मला काय माहीत?"

इटानं फोटो पुठ्ठ्यात घातला आणि ती गाडीकडे वळली. आणखी दोन पावलांत ती गेली असती, आणि उद्याचा दिवस सुरळीत पार पडला असता. इटा उभी राहिली असती तरी गावानं तिला म्हातारचळ लागलाय म्हणून सोडून दिलं असतं. ब्रीडाला हे सगळं स्वच्छ कळत होतं.

"इटा," ती म्हणाली, "माझं मागचं थोडं रंगवायचं राहिलंय. बघायला येता?"

"ब्रीडा." कॉन एवढंच म्हणाला, दातांतल्या दातांत.

ती थांबली नाही. इटाचा हात धरून कोठाराला वळसा घालून तिला कुरणात घेऊन गेली. मागून कॉनची पावलं ऐकू येत होती, आधी चालत, मग जवळजवळ धावत. रिंगणाशी पोचल्यावर इटा उभीच राहिली. अर्धे दगड ताजे पांढरे होते, अर्ध्यांवर गेल्या वर्षीचा चुना पोपडे धरून होता. तिनं पुठ्ठा उघडला, फोटो पाहिला, पुन्हा दगडांकडे पाहिलं.

"घोडी आहे ती," कॉन धापा टाकत म्हणाला. "आजोबांची घोडी. विचारा गावात कुणालाही."

तो बोलत बोलत रिंगणाच्या कडेशी आला आणि त्याच्या हातानं डोक्यावरची टोपी काढली. त्याचं त्यालाही कळलं नाही. लहानपणापासून इथं आलं की बाबा टोपी काढत, म्हणून तोही काढी.

इटा त्या टोपीकडे बघत राहिली.

"घोडीसाठी?" तिनं विचारलं.

कॉननं खाली पाहिलं. टोपी त्यानं पुन्हा डोक्यावर ठेवायला उचलली, अर्ध्यावर हात थांबला. ब्रीडाला वाटलं, आता तो आरडाओरडा करील. कुंपणापलीकडे चौकात लाउडस्पीकर तपासून बघत होते, कुणीतरी एक-दोन-तीन म्हणत होतं.

"बाबा काढायचे," तो म्हणाला.

"आणि आजोबा?"

ब्रीडाला आजोबा आठवतच नव्हते, ते गेले तेव्हा ती पाळण्यात होती. आजोबांचा हात धरून या कुरणात आलेला कॉन एकटाच होता. त्यानं टोपी खाली घेतली.

"ते गुडघे टेकायचे," तो म्हणाला. "मला म्हणायचे, तू जा घरी."

इटानं मान हलवली. मग तिनं ब्रीडाच्या खांद्यावर भार टाकला आणि आपले दुखरे गुडघे, आधी एक, मग दुसरा, गवतावर टेकले. कॉन पुढे झाला. तिचा दुसरा हात त्यानं धरला आणि ती नीट बसेपर्यंत सोडला नाही.