गुंजनच्या हातच्या कुरोड्या

माह्यं तोंड फाटकं हाये, हे आमच्या मिशनच्या शाळेत सगळ्याईले मालूम हाये. बावीस वर्षं झाली, होस्टेलच्या पोरींचा स्वयंपाक मीच करून राहिली. ताटात भाजी टाकली का मी चिल्लावते, दूधवाल्यानं पाणी घातलं का त्याच्या सात पिढ्या काढते, मोठ्या सिस्टरलेही सोडत नाही. कौशल्याबाई बोलली नाही असा दिवस कोणी पाह्यला नव्हता. पण हेच तोंड अडीच महिने बंद होतं. बोलाचं होतं तवाच बंद होतं.

एप्रिलचा दुसरा शनिवार होता. सकाळची शाळा सुटली, पोरी जेवल्या, मागच्या अंगणात दोन बाजांवर जुनं लुगडं टाकून मी कुरोड्या वाळू घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवा, वाटा, चीक काढा, पहाटे उठून शिजवा, मंग साच्यातून पाडा. कंबर मोडते बाप्पा! गुंजन शाळेच्या आधी माह्यासंगं साचा घेऊन बसली होती. आसगावच्या तुलारामची मोठी पोरगी, पाचवीत होती. तिची कुरोडी काही गोल येत नव्हती, शेवटी एक शेपूट बाहेर निघूनच राहे. मी म्हटलं, "अवो पोरी, कुरोडी करून राहिली का उंदीर?" ते ऐकून ती इतकी हासली का साचा बाजूले ठेवा लागला.

तीनच्या सुमारास आभाळ काळं झालं. वारा असा सुटला का स्वयंपाकखोलीची खिडकी आपटून तिची काच फुटली. मोठ्या सिस्टर वरांड्यात उभ्या राहून ओरडत होत्या, "सगळ्यांनी आत या! सगळ्यांनी आत!" मी चुलीपाशी. गुंजन दारात. मी म्हटलं, "गुंजन, धाव वो! कुरोड्या उचल, भिजल्या तं सगळी मेहनत पाण्यात जाईन!"

सिस्टरचं सगळ्या पोरींनी ऐकलं. गुंजननं माह्यं ऐकलं.

मी स्वतः काहून नाही गेली? चुलीवर डाळ होती. डाळ लागली असती बुडाले. सांगतानाही लाज वाटते.

सात-आठ मिनिटं असन ते वादळ. हॉलवरची टिनं उडून तलावात जाऊन पडली. होस्टेलच्या छपराचे कवेलू अंगणभर फुटले, पाचवीच्या वर्गाची भिंत बसली. अंगणातून स्वयंपाकखोलीत येताना मधात आंब्याचं मोठं झाड हाये, त्याची एक फांदी मोडली. वारा कमी झाला तशी मी बाहेर धावली. सगळ्यात आधी मीच पोचली. गुंजन आंब्याखाली पालथी पडली होती. पाठीवर फांदी, चहूकडे कैऱ्यांचा सडा, आन छातीखाली लुगड्याचं गठोडं. चारी टोकं घट्ट बांधून, वरून स्वतः झाकून. आतली एकही कुरोडी भिजली नव्हती.

मी पहिले फांदी नाही उचलली. मी पहिले ते गठोडं ओढून काढलं, पदराखाली घेतलं, स्वयंपाकखोलीत लोटलं, आन मंग बोंब मारली. डॉक्टर म्हणाले, पोरगी जागच्या जागीच गेली होती. पण मले ते तवा कुठं मालूम होतं? तिच्यात जीव हाये का नाही हे न पाहता मी गठोडं काढलं. कोणाच्या भ्यानं काढलं, मले आजही सांगता येत नाही.

बाबूलाल चौकीदार धावत आला, सिस्टर आल्या. बाबूलालनं खाली पडलेल्या कैऱ्या पाह्यल्या आन कपाळावर हात मारला. "अरेरे, कैरीच्या नादात गेली पोर!" झालं. वादळ आलं का पोट्टे आंब्याखाली धावतातच, आमच्याकडे हे का नवीन हाये? मी बी धावली हाये लहानपणी, फ्रॉकच्या ओच्यात कैऱ्या भरल्या हायेत. म्हणून कोणाले शंका आली नाही. अन् मी तोंडात मूग धरून बसली.

एक बाई मात्र मानत नव्हती. शकुन, गुंजनची माय. प्रेतापाशी बसून एकच गोष्ट धरून होती. "माह्या पोरीचे कैरीनं दात आंबत वो. ती चटणीले बोट लावत नव्हती. ती कायले गेली आंब्याखाली?" बाया म्हणत, लेकरूच ते, आली असन हाव.

लहान लेकराचं दहावं करत नाहीत आमच्यात, पण शकुननं हट्टानं केलं. शाळेतून आम्ही सगळे गेलो होतो. शकुनच्या अंगणातच भाताचा घास ठेवला, कावळा शिवेना. पेढा ठेवला, शिवेना. ऊन डोक्यावर आलं. तवा एक म्हातारी म्हणे, "कैरीत जीव अडकला असन लेकराचा. कैरी ठेवा." कैरी ठेवली. कावळे समोर लिंबावर बसून होते, एकही खाली उतरला नाही. शकुन हात जोडून म्हणे, "माय माही, रोज कैरी देईन तुले. जाय आता सुखानं." मी तिच्यापासून चार हातांवर उभी होती. जीभ तोंडात होती, दात होते, सगळं जागेवर होतं. नाही बोलली.

मंग पंचनाम्याले साहेब लोक आले. तुटक्या भिंती मोजल्या, फोटो काढले, वरांड्यात बसले. सिस्टर केरळच्या, त्यायचं मराठी अजूनही सांभाळून चालते. म्हणाल्या, "कौशल्याबाई, चहाबरोबर काही गरम द्या ना. ते गाठोडं आहे ना फळीवर, त्यातलं तळा." नाही म्हणाव तं काहून नाही ते सांगा लागे. तळल्या. एका साहेबानं दोनदा मागून घेतल्या. म्हणे, "मावशी, कुरडया लय खुसखुशीत हायेत." मी मागं न्हाणीत जाऊन ओकली. उरल्या त्या डब्यात भरल्या अन् डबा तांदळाच्या कोठीमागं सरकवला. खाईल त्याले खवखवे म्हणतात. इथं खाणाऱ्याईले काही झालं नाही, तळणारीले झालं.

उन्हाळाभर शाळा उभी करण्याचं काम चाललं. पोरींचे बाप आले, शहापूरच्या एका भल्या माणसानं टिनं पाठवली, बाबूलालनं तलावात उतरून जुनी टिनं वढून काढली. भिंत पुन्हा बांधली. तो आंबा सिस्टरनं बुडापासून तोडाले लावला. झाड पडलं तवा सगळे म्हणाले, बरं झालं, झाडच पापी होतं. झाडालेही माह्या वाट्याचं घ्या लागलं.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. हॉलवर अर्धी टिनं, अर्धी ताडपत्री. प्रार्थना झाली आन सिस्टर बोलाले उभ्या राहिल्या. डोळे भरले होते त्यायचे, खोटं नाही बोलत. म्हणाल्या, "मुलींनो, आपल्या गुंजनची आठवण ठेवा. वादळ आलं की कैऱ्या उचलायला जाऊ नका. मोठी माणसं सांगतात ते ऐका."

सांगतात ते ऐका! अवो सिस्टर, सांगितलं तेच तं ऐकलं तिनं.

तिसऱ्या रांगेत रक्षा बसली होती, गुंजनची लहान बहीण, तिसरीतली. सगळ्या पोरी मान वळवून तिच्याकडे पाहून राहिल्या होत्या. मधल्या सुट्टीत दोघी-तिघी तिले "कैरीवालीची बहीण" म्हणून चिडवत होत्या, मी त्यायचे कान पिळले. मंग रक्षा ताट घेऊन माह्यासमोर आली. तिच्यापुढं मी वरण वाढून राहिली, तं म्हणे, "मावशी, गुंजनले कैरी नव्हती न आवडत? तुमाले तं मालूम होतं. तुम्ही तिच्या ताटात आंबट कधी वाढतच नव्हत्या."

त्या लेकराले काही ठाऊक नव्हतं. तिनं सरळ विचारलं होतं, बस्स. पण मले वाटलं, आता नाही तं मेल्यावरही नाही.

भांडी तशीच टाकली. कोठीमागचा डबा पिशवीत घातला. सिस्टर म्हणाल्या, कुठे निघालात? मी म्हटलं, "आसगावले. आल्यावर तुमाले बी सांगते, मंग काढाचं असन तं काढा मले."

तुलाराम धानाच्या वावरात गेला होता. शकुन एकटीच अंगणात तांदूळ निवडत बसली होती. वाळून अर्धी झाली होती. पलीकडं बुटक्या भिंतीवर कैरीच्या फोडी ठेवल्या होत्या, काळ्या पडलेल्या, मुंग्या लागलेल्या. कैऱ्यांचा हंगाम सरला, तं तिनं मिठात घालून ठेवल्या होत्या. त्यातली एक फोड रोज.

"बसा कौशल्याबाई," ती म्हणाली. "रक्षा बरी हाये न?"

"बरी हाये." मी बसली नाही. बसली असती तं पुन्हा वेगळंच काही बोलली असती. "शकुन, गुंजन कैरीसाठी नव्हती गेली. मी पाठवलं होतं तिले. कुरोड्या उचलाले."

तिचा हात सुपात तसाच थांबला. मी थांबली नाही. डाळ सांगितली, गठोडं सांगितलं, फांदीच्या आधी गठोडं काढलं ते सांगितलं. साहेबाचा चहा बी सांगितला.

सांगून झालं तं शकुन म्हणाली, "भिजल्या का?"

"एकही नाही."

तिनं मान हालवली. मंग हळू आवाजात बोलाले लागली, अन् तिनं चिल्लावलं असतं तं मले बरं वाटलं असतं. "पाठवलं ते पाठवलं. वाळवणावर पाणी येऊन राहिलं तं कोण बाई पोरीले हाक मारत नाही? मी बी मारली असती. त्याचा राग नाही धरत तुमच्यावर. पण दहाव्याले तुम्ही उभ्या होत्या न? म्हातारीनं कैरी ठेवा म्हटलं, तवा इथंच होत्या न तुम्ही?"

"होती."

"अडीच महिने मी माह्या लेकीले तेच वाढून राहिली जे तिच्यानं खाल्लं जात नव्हतं." तिनं सूप बाजूले ठेवलं. "आन हावरी म्हटलं तिले. सगळ्या गावानं म्हटलं, शेवटी मी बी म्हटलं. मेलेल्या पोरीले. ह्या तोंडानं."

मी पिशवीतून डबा काढून तिच्यासमोर ठेवला. शकुननं झाकण उघडलं, एक-एक कुरोडी वर उचलून पाहू लागली. माह्या गोल होत्या, त्या बाजूले काढत गेली. खाली एक सापडली, शेपूट बाहेर निघालेली. ती तिनं तळहातावर घेतली अन् कितीतरी वेळ पाहत राहिली. मी काही सांगितलं नव्हतं. तिनं आपणच ओळखली.

उठली, भिंतीवरच्या फोडी हातानं खाली पाडल्या, पदरानं जागा पुसली, आन तिथं ती कुरोडी ठेवली. मी पुढं झाली, निदान मुंग्या तरी झटकाव म्हणून.

"हात नका लावू तुम्ही," ती म्हणाली. "जा आता. उद्या प्रार्थनेत सांगा हे. सिस्टरसमोर, सगळ्या पोरींसमोर, अन् माही रक्षा तिथं बसली असन तवा सांगा. नाही सांगितलं तं माह्या दारात पाय ठेवू नका."

मी फाटकातून बाहेर पडली. समोरच्या लिंबावर दोन कावळे बसले होते. खाली उतरले का नाही, मले मालूम नाही. तेवढा वेळ शकुननं मले तिथं उभं राहू देलं नाही.